हिरव्या बटणाचा आग्रह

परदेशात मराठी माणसाला कुणी ओळखत नाही. हॉटेलच्या रिसेप्शनवरची बाई पासपोर्ट हातात घेऊन नाव वाचायला लागते आणि आडनावापाशी हात टेकते. इमिग्रेशनचा साहेब आधी फोटो बघतो, मग तोंड बघतो, आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही अशा चेहऱ्याने शिक्का मारतो. अख्ख्या युरोपात एकच जीव असा आहे, की नुसतं कार्ड लागायचा अवकाश, तो ‘अहो, तुम्ही भारतातले!’ म्हणून ओळख देतो. तो म्हणजे दुकानाच्या काउंटरवरचं तळहाताएवढं कार्डाचं मशीन.

समजा, पॅरिसमध्ये तुम्ही ५० युरोंच्या चिल्लर वस्तू घेतल्या. आयफेल टॉवरच्या किल्लीकड्या, आयफेल टॉवरचे फ्रिजवर लावायचे चुंबक आणि ज्यांना या दोन्ही गोष्टी देता येत नाहीत अशा व्याह्यांसाठी आयफेल टॉवरचा जरा मोठा आयफेल टॉवर. विक्रेती तुमच्याकडे बघतही नाही. पण मशीन बघतं. त्याच्या काचेवर दोन ओळी उमटतात. खाली बारीक अक्षरांत ‘ईयूआर ५०’ आणि वर ठसठशीत ‘आयएनआर ४,७७०’. शेजारी हिरवं बटण. काही ठिकाणी तर छोटासा तिरंगासुद्धा असतो. फ्रेंच दुकानात, फ्रेंच बाईसमोर, एक मशीन तुमच्याशी रुपयांत बोलतं, म्हणजे भरून येण्यासारखाच प्रसंग.

आमच्या युरोपच्या सहलीत आमचे साडू सोडून बाकी सगळ्यांना भरून आलं. साडूभाऊ बँकेतून निवृत्त झालेले. उभा जन्म बँकेत काढलेल्या माणसाशी कुणी आपुलकीने वागलं, की तो आधी स्वतःचा खिसा चाचपतो.

“लोकल करन्सी, प्लीज!” साडूभाऊ माझ्या खांद्यावरून ओरडले. विक्रेती दचकली. मीही दचकलो. मागे रांगेत उभी असलेली एक जपानी मुलगी दोन पावलं मागे सरली.

“अहो, पण रुपये आपलेच आहेत ना?” मी म्हणालो.

“रुपये आपले आहेत. भाव त्यांचा आहे.”

यावर मला काही सुचलं नाही. साडूभाऊंनी दोरीला अडकवलेला चष्मा नाकावर चढवला, मशीन माझ्या हातातून काढून घेतलं आणि खालची बारीक ओळ दाबली. विक्रेतीने पावती फाडून दिली, आणि दोन माणसं मिळून एक बटण का दाबतात हे समजून घेण्याचा नाद सोडला.

त्या दिवशी बसमध्ये टूर मॅनेजरने अंताक्षरीसाठी माइक काढला आणि तो चुकून साडूभाऊंच्या हातात पडला. पुढचा पाऊण तास ‘म’ वरून गाणं कुणी म्हटलं नाही. बसने व्याख्यान ऐकलं. विषय होता डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन, लाडाचं नाव डीसीसी.

साडूभाऊंच्या म्हणण्याचा सारांश असा. कार्डाचे सुरुवातीचे सहा-आठ आकडे वाचले की मशीनला कळतं, हे कार्ड कुठल्या देशातल्या कुठल्या बँकेचं. पाहुणा कुठला हे कळलं, की ते त्याला विचारतं, “साहेब, तुमच्याच पैशांत घेऊ का?” युरोत द्या म्हटलं, तर युरोचे रुपये व्हिसा किंवा मास्टरकार्ड आपल्या दराने करतात आणि तो दर बाजारभावाच्या जवळपास असतो. रुपयांत द्या म्हटलं, तर हेच काम दुकानाच्या मशीनमागे बसलेली मंडळी करतात, स्वतः ठरवलेल्या भावाने. त्या भावात तीन, पाच, आठ टक्के, अंगात आलं तर त्याहूनही जास्त, आधीच मिसळलेले असतात. मिसळलेली रक्कम मशीनची कंपनी, तिची बँक आणि दुकानदार असे तिघे वाटून घेतात. शुल्क म्हणून वेगळी ओळ बहुधा दिसतच नाही. दिसतो तो फक्त भाव.

“पण रुपयांत दिलं की आपल्याला कळतं तरी, किती गेले ते,” मागच्या बाकावरून एक काकू म्हणाल्या.

“कळतं ना. जास्त गेले, एवढंच कळत नाही.”

“आमच्या ह्यांना तिरंगा दिसला की ते तेच बटण दाबतात,” दुसऱ्या काकूंनी माहिती पुरवली. त्यांचे ‘हे’ खिडकीतून बाहेर बघत होते. ते न वळताच म्हणाले, “देशाचा पैसा देशात राहतो.”

“तो दुकानदाराकडे राहतो!” साडूभाऊ माइकमधून गरजले. ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं.

मग साडूभाऊंनी पुढच्या सीटच्या जाळीतून उलटीसाठी ठेवलेली कागदी पिशवी काढली आणि तिच्यावर हिशेब मांडला. तो मला अजून पाठ आहे, कारण पुढच्या प्रत्येक गावी ती पिशवी आमच्याबरोबर होती आणि ज्या कामासाठी ती छापली होती त्या कामासाठी साडूभाऊंनी ती कुणालाही दिली नाही. एक युरो ९० रुपयांचा धरला. १०० युरोंची खरेदी. युरोत दिले तर झाले ९,०००. त्यावर आपली बँक परकीय चलनाचा मार्कअप म्हणून, समजा, साडेतीन टक्के लावते, म्हणजे ३१५ रुपये. त्या ३१५ वर १८ टक्के जीएसटी, ५६ रुपये ७० पैसे. एकूण ९,३७१ रुपये ७० पैसे.

“म्हणजे खरेदी स्वित्झर्लंडमध्ये केली तरी जीएसटी आपला?” तिरंगावाल्या काकांनी पहिल्यांदाच मान वळवली. “मग हे देशकार्यच झालं की!”

साडूभाऊंनी तिकडे दुर्लक्ष केलं. आता रुपयांचं बटण. मशीनने सहा टक्के मिसळले असतील, तर तिथेच झाले ९,५४०. आता रुपयांतच व्यवहार झाला, म्हणजे बँकेचं यात काही काम नाही, असं कुणालाही वाटेल. पण दुकान परदेशातलं, एवढ्यावर बऱ्याच बँका एक टक्का लावतात. ९५ रुपये ४० पैसे. त्याच्यावर पुन्हा जीएसटी. बेरीज ९,६५२ रुपये ५७ पैसे.

“म्हणजे युरोत दिले तरी बँक घेते, रुपयांत दिले तरी बँक घेते,” मी म्हणालो. “मग फरक काय?”

“२८१ रुपये.”

बसमध्ये शांतता पसरली. २८१ ही रक्कम मोठी फसवी आहे. २८,००० गेले तर माणूस हताश होतो आणि देवाचं नाव घेतो. २८१ गेले तर त्याला झोप येत नाही. त्या क्षणापासून आमची बस सहलीला निघालेली बस राहिली नाही. तिचं पथक झालं.

साडूभाऊंचं स्वतःचं कार्ड मात्र शून्य मार्कअपचं. म्हणजे ते ३१५ आणि ५६ रुपये ७० पैसेही वाचतात. ते कार्ड पाकिटातून काढून त्यांनी बसभर फिरवलं, लोकांनी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. “वार्षिक शुल्क किती हो त्याचं?” असं एकाने विचारल्यावर साडूभाऊंना खोकला आला. तो गाव येईपर्यंत थांबला नाही.

पथकाची पहिली लढाई व्हिएन्नात झाली. रस्त्यावरच्या एका कॉफीगृहात आम्ही चौघांनी कॉफी आणि सफरचंदाची पेस्ट्री घेतली. बिल २३ युरो. साडूभाऊंनी कार्ड दिलं. वेटरने ते मशीनला लावलं, आमच्याकडे न बघता अंगठ्याने काहीतरी दाबलं आणि पिन टाकायला मशीन पुढे केलं. साडूभाऊंनी घाईत पिन टाकला. पावती आली. साडूभाऊंनी चष्मा चढवला.

पावतीच्या तळाशी मुंगीच्या अक्षरांत एक वाक्य असतं. इंग्रजीत असतं आणि अगदी आदबशीर असतं. ‘मला चलनाची निवड देण्यात आली होती आणि मी अमुक चलनात पैसे देण्यास राजी आहे’, अशा मतलबाचं. कार्ड कंपन्यांचा नियमच आहे, निवड गिऱ्हाइकाची; दुकानदाराने त्याच्या वतीने बटण दाबायचं नाही. त्यामुळे बटण कुणीही दाबलेलं असो, पावतीवर राजीखुशी आपली असते.

“माझ्या वतीने हा राजी झाला!” साडूभाऊ उभे राहिले. “कॅन्सल. अगेन. युरो.”

“सेम, सेम,” वेटर हसून म्हणाला.

“नॉट सेम.”

“सेम मनी, सर.”

“नॉट सेम मनी. सिक्स परसेंट.”

साडूभाऊंनी खिशातून उलटीची पिशवी काढली आणि टेबलावर पसरली. वेटर एक पाऊल मागे गेला. त्याचा जो गैरसमज व्हायचा तो झाला होता. त्याने धावत जाऊन पाण्याचा ग्लास आणला.

माझ्या मेव्हणीने पदर सावरावा तशी ओढणी सावरली आणि पुटपुटली, “अहो, लोक बघताहेत.” सौ.ने पर्समध्ये नसलेली वस्तू शोधायला सुरुवात केली. मी मेनूकार्ड उघडून जर्मन वाचू लागलो. मला जर्मन येत नाही, पण ते ज्यांना येतं त्यांनीही कधी इतक्या एकाग्रतेने वाचलं नसेल. पलीकडच्या टेबलावरच्या गोऱ्या आजोबांनी ‘तुमच्यापैकी आहेत का?’ अशा अर्थी भुवई उंचावली. मी शांतपणे पान उलटलं.

भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात. हे सगळं मशीनचं दुकान त्या एका म्हणीवर चाललेलं आहे. ते आकडे लपवत नाही. काचेवर दोन्ही रकमा असतात, भाव असतो, पावतीवरही सगळं असतं. पण ते वाचायला जे अर्धं मिनिट लागतं, तेवढा वेळ आपल्या मागे कुणीतरी उभं असतं, समोर कुणीतरी हात पुढे करून असतं आणि शेजारी आपलीच बायको “द्या ना लवकर” म्हणत असते. रुपयाच्या प्रेमापोटी हिरवं बटण दाबणारे थोडे. बाकीचे ते दाबतात, कारण ते हाताशी असतं आणि रांगेतून सुटण्याचा तो जवळचा रस्ता असतो.

शेवटी कॉफीगृहाचा मॅनेजर आला, व्यवहार रद्द झाला, नवा झाला. साडूभाऊंचे सुमारे १५० रुपये वाचले. तोवर ग्रुप पुढे निघून गेला होता. तो शोधण्यासाठी टूर मॅनेजरला रोमिंगवर तीनदा फोन झाला. त्या फोनांचा हिशेब पिशवीवर मांडू का, असं मी विचारलं तेव्हा साडूभाऊ म्हणाले, “तत्त्वाचा प्रश्न होता.” पैशांचा हिशेब जुळेनासा झाला, की निवृत्त बँकवाले तत्त्वाच्या खात्यात टाकतात.

त्याआधी स्वित्झर्लंडमध्ये निराळाच गोंधळ झाला होता. आमच्यातल्या एका सावध जोडप्याने पुण्याहूनच फॉरेक्स कार्ड आणलं होतं आणि त्यात नीट बघून, सकाळचा भाव संध्याकाळच्या भावाशी ताडून, युरो भरून ठेवले होते. युरोप म्हणजे युरो, हा त्यांचा हिशेब. स्वित्झर्लंडने तो मान्य केला नाही. तिथे फ्रँक चालतो. युरो भरलेल्या कार्डाने फ्रँक द्यायचे म्हटलं की दोन चलनांमधला फरक म्हणून पुन्हा मार्कअप लागतो. त्यात मशीनला ते कार्ड भारतातलं दिसलं आणि त्याने सवयीने विचारलं, “रुपयांत घेऊ?” काकांनी हो म्हटलं. फ्रँकचे रुपये झाले आणि ते रुपये द्यायला कार्डातले युरो मोडले गेले. एका चॉकलेटच्या पुड्याने तीन देशांची चलनं बघितली. काकांनी तेवढे देश त्या सहलीत जेमतेम बघितले होते.

युंगफ्राऊयोखला ३,४५४ मीटर उंचीवर, बर्फाच्या मधोमध, ‘बॉलिवूड’ नावाचं भारतीय जेवणाचं रेस्टॉरंट आहे. तिथे वरण-भाताचा वास आला आणि सगळे चुपचाप रांगेत उभे राहिले. तेवढ्या उंचीवर हवा विरळ असते, माणसाला दम लागतो, डोकं हलकं होतं. अशा डोक्याने कुणी भावाचा विचार करत नाही. साडूभाऊसुद्धा नाहीत. नंतर खाली उतरताना रेल्वेच्या डब्यात त्यांना आठवलं, आणि ते पिशवी काढून बराच वेळ गप्प बसून होते.

खालच्या एका स्टेशनवर मी स्वच्छतागृहात गेलो. दोन फ्रँक. नाणी नव्हती, म्हणून कार्ड टेकवलं. आता माझं कार्ड म्हणजे मुलाच्या क्रेडिट कार्डाचं अ‍ॅड-ऑन. मी काही घेतलं की एसएमएस पुण्यात त्याच्या मोबाइलवर वाजतो. बाप परदेशात, पण पाळत घरची. मी बाहेर येईपर्यंत त्याचा फोन आलाच.

“बाबा, सगळं ठीक आहे ना? आत्ता १९० रुपयांचं काय घेतलंत?”

“घेतलं नाही रे. दिलं.”

पलीकडे जरा वेळ आवाज नव्हता. मग तो म्हणाला, “करन्सी कुठली निवडलीत?”

साडूभाऊंनी त्यालाही पढवून ठेवलं होतं तर. पण त्या दाराशी मशीनने काही विचारलंच नव्हतं. तिथे रांगेत उभ्या असलेल्या माणसाला निवड वगैरे करण्यात रस नसतो, हे त्यालाही कळत असावं.

आमच्यापैकी एक गृहस्थ या सगळ्या कटकटीच्या पलीकडे गेलेले होते. आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठी २०२४ सालापासून युपीआय चालतं, ही बातमी त्यांनी वाचली होती, कात्रण खिशात ठेवलं होतं. झालं, तेवढ्यावर त्यांनी सबंध युरोप जिंकला असं धरलं. टॉवरच्या खालच्या क्रेपच्या गाडीवर, बोटीवर, पोस्टकार्डं विकणाऱ्या म्हातारीपाशी, सगळीकडे मोबाइल पुढे करून ते विचारत, “स्कॅनर कुठाय?” म्हातारीने त्यांना टॉवरकडे बोट करून दाखवलं. तिचंही काही चुकलं नाही.

आणि एक काका असे, की ज्यांचं कार्ड कुठे चाललंच नाही. २०२० साली रिझर्व्ह बँकेने नियम केला, की नवं कार्ड देताना ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानांतल्या मशीनवर चालेल असंच द्यायचं. परदेशात वापरायचं तर ग्राहकाने ती सोय स्वतः चालू करून घ्यायची. अ‍ॅपमध्ये तेवढं एक बटण सरकवायचं असतं. काकांनी ते सरकवलं नव्हतं. सरकवायला गेले तर ओटीपी आला भारतातल्या सिमवर, आणि सिम होतं पुण्यातल्या घरी, टीव्हीखालच्या खणात, “हरवायला नको” म्हणून. त्या काकांचं सबंध सहलीत चलनबदलाचं एक पैशाचंही नुकसान झालं नाही. साडूभाऊ त्यांचं उदाहरण द्यायला लागले, तेव्हा काकूंनी माइक काढून घेतला.

प्रागला पोचल्यावर मात्र रोख रक्कम लागणारच होती. चेक देश युरोपीय संघात आहे, पण त्याने कोरुना सोडलेला नाही. एक कोरुना म्हणजे तेव्हा साधारण साडेतीन-चार रुपये. जुन्या गावात पावलोपावली पैसे बदलून देणाऱ्या टपऱ्या, ‘शून्य कमिशन’ अशा पाट्या. कमिशन शून्य असतं हे खरंच, पण भावाला कुणी शून्य म्हटलेलं नसतं. या टपऱ्यांनी पर्यटकांचे एवढे शिव्याशाप घेतले, की २०१९ साली चेक सरकारने कायदाच बदलला. १,००० युरोंपर्यंतचा व्यवहार असेल तर बदललेले पैसे तीन तासांच्या आत परत नेऊन सौदा मोडता येतो. ही माहिती साडूभाऊंकडे होती. ती ऐकून आमच्यातल्या दोघी जणींना खरेदीचा नवाच हुरूप आला. पैशांची अदलाबदल मोडता येते, तर काचेचे पेलेही घेऊन तीन तासांत परत करता येतील, असा त्यांचा समज झाला. तो दूर करण्यात दुपार गेली.

शेवटी आम्ही एटीएमकडे वळलो. मी कार्ड सारलं. माझ्यामागे साडूभाऊ, त्यांच्यामागे अख्खं पथक, ‘बघू तरी’ म्हणून. मशीनने आधी भाषा विचारली, मग रक्कम विचारली, आणि पहिलाच पर्याय १०,००० कोरुनांचा ठेवला. म्हणजे जवळजवळ ३६,००० रुपये. आम्हाला ट्रामची तिकिटं आणि आइसक्रीम हवं होतं. ४,००० कुठे लिहायचे ते कोपऱ्यात दडवलेलं होतं, ते सौ.ने शोधून काढलं.

मग तो पडदा आला. भलंमोठं हिरवं बटण, ‘रूपांतर स्वीकारा’. शेजारी १५,९०० रुपयांचा आकडा आणि ‘खात्रीचा दर’ असे शब्द. खाली फिकट राखाडी, जवळजवळ लाजून लिहिलेलं, ‘रूपांतर नाकारा’.

“४,००० चे साधारण १४,४०० व्हायला हवेत,” साडूभाऊ पिशवीवर बोट ठेवून म्हणाले. “दहा टक्क्यांच्या वर लावलेत. एटीएमचा हात दुकानापेक्षा सैल असतो.”

“पण खात्रीचा दर म्हणतोय,” तिरंगावाले काका.

“खात्रीने महाग.”

“नाकारा दाबलं तर पैसेच नाही आले तर?” मागून एक काकू.

“कार्ड गिळलं तर?” दुसऱ्या.

मी नाकारा दाबलं. मशीनने विचारलं, ‘आपली खात्री आहे? दराची हमी राहणार नाही.’ पुन्हा हिरवं बटण मोठं, राखाडी लहान. आता मला ते मशीन ओळखीचं वाटू लागलं. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्या यजमानाचा आग्रह असाच असतो. आपण नको म्हणतो, तो ‘एकच घ्या’ म्हणतो. आपण पोटावर हात ठेवतो, तो दुखावल्यासारखं करतो. तिसऱ्यांदा नको म्हणायला माणसाला घट्ट मन लागतं. बहुतेकांचं तिथे मऊ होतं, आणि जिलबी पानात पडते.

माझं बोट हिरव्याकडे सरकत होतं. सौ.ने माझा हात बाजूला केला आणि राखाडी बटण दाबलं. मग आणखी एकदा दाबलं. मशीन घरघरलं, थोडा वेळ रुसल्यासारखं गप्प झालं, आणि त्याने ४,००० कोरुना बाहेर काढले.

“एवढं काय अवघड आहे त्यात?” ती म्हणाली. “नको म्हणजे नको.”

साडूभाऊंनी तिच्याकडे आदराने पाहिलं. जे पाऊण तासाच्या व्याख्यानात त्यांना सांगता आलं नव्हतं, ते तिने तीन शब्दांत सांगितलं होतं. त्यांनी ते पिशवीवर लिहूनही घेतलं.

मला वाटलं, घरी परतल्यावर हा विषय संपेल. पण मुलाने एकदा सहज सांगितलं, की परदेशातलं हॉटेल आपण दिवाणखान्यात बसून एखाद्या संकेतस्थळावर बुक करतो, किंमत रुपयांत दिसते, पैसे रुपयांत देतो, तरी ते संकेतस्थळ चालवणारी कंपनी परदेशात नोंदलेली असेल तर बँक तो एक टक्का आणि वर जीएसटी लावू शकते. सौ. म्हणाली, “म्हणजे सोफ्यावरून न हलता परदेशवारी झाली की!” मुलाला हे पटलं नाही, मला पटलं. तो सोफा एक टक्क्याला स्वस्तच होता.

पण हे सगळं नंतरचं. सहलीच्या शेवटच्या सकाळी, विमानतळाकडे जाताना, टूर मॅनेजर बसमध्ये उभा राहिला. पोरगा गोड. सगळ्यांच्या बॅगा मोजणारा, काकूंना खिडकी देणारा, काकांच्या गुडघ्यांची चौकशी करणारा.

“काका-काकू, ड्रायव्हरदादांची टिप गोळा करायचीय. माणशी २० युरो.”

सगळीकडे पर्स उघडल्या. कुणाकडे सुटे फ्रँक, कुणाकडे कोरुनांची नाणी, युरो कुणाकडेच पुरते नाहीत. तेव्हा तिरंगावाल्या काकांनी विचारलं, “रुपयांत दिले तर चालतील का रे?”

“चालतील की काका! शंभरच्या भावाने धरू. हिशेबाला सोपं पडतं.”

शंभरच्या भावाने. पिशवीवर भाव लिहिलेला होता ९०. मी मनातल्या मनात केलं: अकरा टक्क्यांच्या वर. पॅरिसच्या मशीनने सहा मागितले तर आम्ही ओरडलो होतो. व्हिएन्नाच्या वेटरला आम्ही पाणी आणायला लावलं होतं. मी मागे वळून साडूभाऊंकडे पाहिलं. सगळी बस साडूभाऊंकडे बघत होती. माइक त्यांच्या हाताशी होता.

साडूभाऊंनी पाकिटातून पाचशेच्या आठ नोटा काढल्या, नीट मोजल्या, आणि हसतमुखाने पोराच्या हातात ठेवल्या. “ठेव रे बाळा.” त्यांच्यामागे मी दिल्या. माझ्यामागे सगळ्या बसने दिल्या. ‘नको म्हणजे नको’वाल्या सौ.नेही वर एक लाडवाचा डबा दिला.

मी साडूभाऊंच्या शेजारी जाऊन बसलो आणि हळूच म्हणालो, “शंभरने धरला त्याने.”

“माहीत आहे.”

“मग?”

साडूभाऊंनी उलटीची पिशवी घडी घालून खिशात ठेवली. “अहो, त्याने भाव तोंडावर सांगितला. लपवला कुठे?”